बिनबटणाचं वेस्ट

आम्ही चिंध्या कापतो. एवढं साधं वाक्य वेबसाइटवर चालत नाही, असं माझी नात आम्रपाली म्हणाली. तिने इंग्रजीत लिहिलं होतं की आम्ही उद्योगांना पुसण्याचे संपूर्ण उपाय पुरवतो. त्याचा अर्थ तिने मराठीत सांगितला तेव्हा शेजारी बसलेल्या मंजुळाबाईने कात्री खाली ठेवली.

"आक्का, म्हंजी आपून काय करतो?"

"चिंध्या कापतो."

"मग ठीक हाय," म्हणून तिने पुन्हा कात्री उचलली.

चाकणच्या अलीकडे कुरुळीला आमची पत्र्याची शेड आहे. जुने सुती कपडे आणि होजिअरीच्या कारखान्यांत उरलेले तुकडे तिथे गाठोड्यांनी येतात. आम्ही त्यांतली बटणं, हूक, चेन काढतो, वीत-दीड वितीचे तुकडे करतो आणि गोण्या भरतो. कारखान्यात मशीनवरचं तेल पुसायला हे लागतं. कामगार त्याला वेस्ट म्हणतात. एके काळी आम्ही अकरा बायका होतो. आता मी आणि मंजुळाबाई.

मंजुळाबाई चऱ्होलीच्या जुन्या घराण्यातली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि अठ्ठावीस वर्षं माझ्याबरोबर. मीही आता चऱ्होलीतच दोन खोल्यांत राहते, त्यामुळे सकाळी आम्ही दोघी बसने आळंदीला येतो आणि तिथून सहा आसनी रिक्षाने कुरुळीला. तिला हल्ली धूसर दिसतं. घरी तिला कुणी काही कमी करत नाही, पण घरी ती खाटेवर बसून असते आणि इथे ती कामावर असते. हा फरक मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माझा मुलगा धम्मपाल रावेतला राहतो. ऑक्टोबरात तो शेडवर आला, उभ्या उभ्या चहा प्याला आणि म्हणाला, "आई, एक कुरिअरवाला शेड भाड्याने मागतोय. तू बहात्तरची झालीस. रोज दोन वाहनं बदलून येतेस. कशासाठी?"

मी कात्री चालवत राहिले.

"बरं, असं करू," तो म्हणाला. "डिसेंबर संपेपर्यंत तीन नवी गिऱ्हाइकं मिळाली तर शेड ठेवू. नाहीतर जानेवारीत चावी देऊन टाकू."

"तीनच का?"

"एक म्हटलं तर तू कुणाच्या तरी हातापाया पडून आणशील."

पोटचा पोर आहे, ओळखून आहे.

पूर्वी गिऱ्हाईक आणायची माझी एक रीत होती. पिशवीत नमुना घ्यायचा, भोसरीत एकेका गेटवर जाऊन उभं राहायचं आणि वॉचमनला सांगायचं, स्टोअरकीपरसाहेबांना बोलवा. साहेब बाहेर यायचे, तुकडा हातात घेऊन चुरगाळायचे, मनगटावर घासून बघायचे, आणि हो किंवा नाही ते तिथेच सांगायचे. आता गेटवरचा माणूस विचारतो, अपॉइंटमेंट आहे का, आणि माझा फोटो काढून घेतो. चाकणच्या किती गेटांवर माझा फोटो आहे कोण जाणे. आत मला कुणी घेतलेलं नाही.

म्हणून आम्रपाली पुढे झाली. धम्मपालची थोरली. हिंजवडीला नोकरी करते, पण शनिवार-रविवार माझ्यासाठी काढू लागली. "आजी, आता माल घेणारा गुगलवर शोधतो," ती म्हणाली. "तिथे पहिल्या पानावर दिसलं पाहिजे. आपल्याला ट्रॅफिक आणायचंय."

"चाकणच्या रस्त्यावर रोज तासभर त्याच्यातच बसतो आम्ही. अजून आणायचं?"

ती हसली. तेव्हा ती अजून हसत होती.

नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्या पुसण्याच्या उपायांकडे दोन माणसं फिरकली. एक ती स्वतः आणि दुसरा तिचा बाप, तोही तिने सांगितलं म्हणून. मग एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर गोणीवर बसली. "आजी, सगळा खेळ शब्दाचा आहे. माल कसा आहे ते नंतर. ज्याला तो हवाय तो काय लिहून शोधेल? कंपनीत याला काय म्हणतात?"

मी बेधडक सांगितलं, "बनियन."

आणि ते खोटं नव्हतं. माझे मालक भीमराज एकोणऐंशी साली पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. तेव्हा मशीन पुसायला सुताचा गुंता यायचा. एकदा घरी आले आणि म्हणाले, "आज वेस्ट आलंच नाही. माझ्या रुमालाने मशीन पुसली." रुमाल मी लग्नात दिलेला. मला राग आला, तो मी त्यांच्या जुन्या बनियनवर काढला. चार तुकडे करून सकाळी डब्याबरोबर दिले. संध्याकाळी फोरमनचा निरोप आला की ते कापड कुठलं, त्याचं सूत सुटत नाही, अजून आहे का. आमच्याकडे बनियन दोनच होत्या. मग मी बोहारणीशी ओळख केली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे सगळे स्टोअरवाले त्याला बनियन वेस्ट म्हणायचे, घाईत असले की नुसतं बनियन. "बाई, दोन गोण्या बनियन पाठवा."

हे ऐकून आम्रपालीचा चेहरा उजळला. तिने पानभर बनियन लिहिलं. चाकणमध्ये बनियन, भोसरीत बनियन, होलसेल बनियन, सुती बनियन, एकदम मऊ बनियन. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. फोटोंच्या खालीही बनियन.

"एकाच पानावर इतक्यांदा?" मी विचारलं.

"असंच करतात आजी."

पंधरा दिवसांत तिच्या लॅपटॉपवरची रेघ डोंगर चढल्यासारखी वर गेली, आणि माझा फोन वाजायला लागला.

पहिला फोन एका भारदस्त आवाजाच्या माणसाचा होता. "पंच्याऐंशी नंबर आहे का?"

मला वाटलं गाळ्याचा नंबर सांगतोय. "कुठल्या सेक्टरला?"

"छातीला," तो म्हणाला.

दुसरा एका बाईंचा. "बाह्यांची आहे की बिनबाह्यांची?"

"दोन्ही येतात," मी म्हटलं. "आम्ही बाह्या कापून टाकतो."

"का?" त्यांनी विचारलं.

मग दिवसाला दहा, पंधरा, कधी वीस. नव्वद आहे का, लहान मुलांची आहे का, रंगीत आहे का, थंडीतली जाड आहे का. माझा घसा बसला की मंजुळाबाई घ्यायची. "व्हय, रंगीत हाय. पांढरं बी हाय," ती सांगायची. "न्हाई हो दादा, नवं कुटलं? समदं लोकांनी वापरल्यालंच." एकदा तिने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "आक्का, ह्यो बाबा म्हनतोय, घालून बघता यील का?"

"सांग येईल. चार तुकड्यांत घालावी लागेल."

तिने तसंच सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्रपाली पेढे घेऊन आली. "चार हजार लोक येऊन गेले, आजी. चार हजार." मग फोन वाजला, तो तिनेच उचलला, आणि एका गृहस्थांनी तिला आपल्या सासऱ्यांचं माप सांगितलं. तिने फोन ठेवला, गोणीवर बसली आणि आधी खूप हसली. नंतर हसणं थांबलं तेव्हा तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला पहिल्यांदा नीट दिसली. आठवडाभर कंपनीचं काम, उरलेल्या दोन दिवसांत माझं. तिच्या वयाच्या पोरी रविवारी उशिरापर्यंत झोपतात.

तिने सगळ्या बनियन पुसून टाकल्या. फोन नंबरही काढला. "आता नुसतं एक बटण ठेवते. ज्याला खरंच माल हवाय तो बटण दाबेल आणि स्वतःचं नाव, कंपनी लिहून पाठवेल. तुझा घसा वाचेल."

डोंगरावरची रेघ चार दिवसांत पायथ्याला आली. फोन थांबले. डिसेंबर लागायला थोडेच दिवस होते आणि नवं गिऱ्हाईक एकही नव्हतं.

शेवटी ती थकून म्हणाली, "आजी, गुगलचं सोडून दे. समोर कुणी माणूस बसलाय असं समज आणि सांग, आपल्या मालात वेगळं काय आहे. तू बोलशील तसंच मी टाइप करते. नाही जमलं तर थांबू."

मग मी तिला दौलतरावांची गोष्ट सांगितली.

अठ्ठ्याण्णव साल. आम्ही भोसरीत एका गाळ्यात काम करायचो. दौलतराव तिथल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते, कडक माणूस. एक दिवस ते स्वतः गाळ्यावर आले, मागून हमालाच्या डोक्यावर आमचीच गोणी. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि शर्टाचं एक बारीक बटण माझ्या टेबलावर ठेवलं. "हे तुमचं राहिलं होतं," म्हणाले. एवढंच. चिंधीत राहिलेल्या त्या बटणाने आरशासारख्या घासलेल्या लोखंडावर लांबलचक चरा पडला होता. काम बाद झालं होतं आणि दौलतरावांना मेमो मिळाला होता. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. मी गोणी परत घेतली.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे. प्रत्येक तुकडा दोघींच्या हाताखालून जातो. पहिली डोळ्यांनी बघते. दुसरी डोळे मिटून तळहात फिरवते, आधी सुलट, मग उलट. डोळ्यांना कापडाच्या रंगाचं बटण फसवतं, हाताला फसवत नाही. दुसरा हात कायम मंजुळाबाईचा. म्हणून तिला आता नीट दिसत नाही याने आमचं काही अडत नाही.

महिनाभराने दौलतरावांची चिठ्ठी आली. बाकी सगळ्यांच्या ऑर्डरी इंग्रजीत असायच्या. यांनी मराठीत लिहिलं होतं, बिनबटणाचं वेस्ट, दोन गोणी. पुढे ते निवृत्त होईपर्यंत तसंच लिहीत राहिले. ते बटण मी टाकलं नाही. टेबलाच्या खणात एका डबीत आहे.

आम्रपालीने सगळं उतरवून घेतलं आणि वर मथळा दिला, बिनबटणाचं वेस्ट. मग काहीतरी तपासलं आणि म्हणाली, "हा शब्द जगात कुणीच शोधत नाही, आजी. महिन्याला शून्य."

"राहू दे," मी म्हटलं. मलाही कंटाळा आला होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "आजी, एक जण येतोय. तोच शब्द टाकून. रोज अकराच्या सुमाराला."

"मग?"

"मग काही नाही. सगळं पान वाचतो आणि जातो. बटण दाबत नाही."

दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. रविवारी नाही, सोमवारी पुन्हा. चार हजार माणसं येऊन गेली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. या एकासाठी मी अकराला घड्याळाकडे बघायला लागले. मंजुळाबाईही विचारायची, "आला का आपला मानूस?"

"आला असेल."

"लाजतोय," ती म्हणायची आणि हात फिरवत राहायची.

पंधरा दिवस असे गेले. सत्तावीस तारखेला दुपारी एक सहा आसनी रिक्षा शेडसमोर थांबली. एक वाकलेले गृहस्थ उतरले, हातात काठी आणि कापडी पिशवी. मला वाटलं पत्ता विचारायला आलेत. ते सरळ आत आले, माझ्याकडे न बघता टेबलावरचा एक तुकडा उचलला, चुरगाळला, मनगटावर घासला. मग त्यावरून तळहात फिरवला, सुलट आणि उलट.

"दौलतराव," मी म्हटलं. "बसा."

या वेळी ते बसले.

"तुम्ही रोज बघत होता ते?"

"हो."

"मग फोन नाही का करायचा? इतक्या लांब आलात."

"नंबर कुठे आहे त्याच्यावर? पत्ता तेवढा आहे, आणि खाली लिहिलंय, बटण दाबा. माझा मुलगा म्हणतो, फोनवर अनोळखी बटण दाबायचं नाही, बँकेतलं सगळं जातं." त्यांनी काठी टेबलाला टेकवली. "आणि भिमाबाई, बाकी कुणी बटण ठेवलं असतं तर समजू शकतो. तुम्ही?"

मंजुळाबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

दौलतराव आकुर्डीला राहतात. त्यांचा भाचा सयाजी तळवड्याला साच्यांना पॉलिश करायचं छोटं वर्कशॉप चालवतो. सकाळी घर आवरताना आपण मध्ये येतो म्हणून हे अकराला तिथे जाऊन बसतात. तिथे कामावर बारीक चरे पडत होते. यांनी पोरांना सांगितलं, बिनबटणाचं वेस्ट आणा. पोरं म्हणाली, असं काही नसतं, आजोबा. म्हणून यांनी सयाजीच्या फोनला तोंडाने तो शब्द सांगितला.

"पहिलंच तुमचं आलं," ते म्हणाले. "खाली दुसरं कुणीच नाही. सगळं वाचलं. मग रोज वाचायला लागलो. चांगलं लिहिलंय." थोडं थांबून म्हणाले, "मेमोचं लिहायला नको होतं."

"नातीला सांगते काढायला."

"राहू दे आता. वाचणारा मीच आहे."

सयाजीसाठी आठवड्याला एक गोणी ठरली. चहा झाला. धम्मपालची मुदत चार दिवसांवर आली होती, म्हणून मी शेवटी विचारलंच, "तुमच्या ओळखीत अजून दोघं आहेत का असे?"

त्यांनी मान हलवली. "माझी कंपनी आता कागदाचे रोल वापरते. बाकीच्यांचे वर्षावर्षाचे करार असतात, ठरलेल्या माणसाकडूनच घेतात. तुम्ही गुगलवर कितीही वर आलात तरी तिथे बघायला कुणी उभं नाही, भिमाबाई. मी होतो तेव्हा तरी गेटवर येत होतो."

ते काही वाईट बोलले नाहीत. जे आम्रपालीने तीन महिने शोधलं ते त्यांनी चहाच्या एका कपात सांगितलं. मला उलट हलकं वाटलं. पाय मात्र दुखत होते, ते त्या दिवशी जास्तच जाणवले.

एकतीस तारखेला धम्मपाल आला. मी तो बोलायच्या आत सांगितलं, "एक मिळालं. तेही स्वतःच्या पायांनी चालत आलं, मी कुणाच्या पाया पडले नाही."

तो खाली बघत म्हणाला, "आई, मी तीन म्हणालो होतो."

"माहीत आहे."

"तू म्हणशील तर कुरिअरवाल्याला अजून दोन महिने..."

"नको. एका बटणासाठी मी अख्खी गोणी परत घेतली होती. ठरलं ते ठरलं." मग म्हटलं, "उद्या एक तारीख. सगळे मिळून विजयस्तंभाला अभिवादन करून येऊ. परवा चावी दे. दोन टेबलं आहेत त्यांतलं जुनं मात्र चऱ्होलीला माझ्या दारात आणून टाकायचं."

"एका गोणीसाठी?"

"एक गोणी म्हणजे दोन म्हाताऱ्यांचा आठवडा होतो. बसही पकडायला नको."

त्याने मंजुळाबाईकडे बघितलं. तिने आमचं बोलणं ऐकलंच नाही असं दाखवलं, पण तिचा हात तुकड्यावर तसाच थांबला होता. "टेबल डावीकडून उचला," ती म्हणाली. "त्याचा तो पाय हालतोय."

दोन तारखेला टेबल आलं, खणातली डबी त्यातच होती. शेडवर आता कुरिअरवाल्याचा फलक आहे, आळंदी-चाकण रस्त्याने गेलं की दिसतो. मी त्या बाजूला फारशी जात नाही. मंजुळाबाई दहाच्या सुमाराला भिंतीला हात लावत येते, पाच मिनिटांचा रस्ता. शुक्रवारी सयाजीचा टेम्पो येतो.

आम्रपालीने पानावरचं बटण काढलं आणि माझा नंबर मोठ्या आकड्यांत टाकला. बनियनचे फोन अजूनही अधूनमधून येतात. ती म्हणते, काढून टाकलं तरी कुठेकुठे जुनं राहून जातं. मी त्यावर काय बोलणार, माझंही तसंच आहे.

गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज पडलेला होता. "आजी, वाईट वाटून घेऊ नकोस. साइटवर महिनाभरात एकही माणूस आला नाही. तो रोजचा एक होता ना, तोही बंद झाला."

"बरं," मी म्हटलं.

"काय म्हनती पोरगी?" मंजुळाबाईने विचारलं.

"म्हणते, आपल्याकडे आता कुणीच येत नाही."

मंजुळाबाईने हातातला तुकडा उलटा केला आणि पायरीच्या दिशेने मान वळवली. तिथे दौलतराव बसले होते, टेम्पोबरोबर आले होते, आणि बशीतला चहा फुंकत होते.

"मग ह्यांना चा कुनी दिला?" ती म्हणाली.